गाळ्याचं आगाऊ भाडं आणि बार्सिलोनाची उधारी

कोल्हापुरात आमच्या तालमीच्या वरच्या माळ्यावर सतरंजी टाकून बैठक चालली होती. फुटबॉलचा हंगाम तोंडावर आलेला; इथं पेठेपेठेतल्या तालमींचेच फुटबॉल संघ असतात. चहाचे कप रिकामे झाले तसा एक उत्साही कार्यकर्ता पुढं सरकून बसला. "खालच्या दोन गाळ्यांचं तीन वर्षांचं भाडं आगाऊ घ्यायचं, आन् दोन परदेशी प्लेअर आणायचे. कप आला की देणगीदार आपोआप मागं लागत्यात." मी तेव्हा पतसंस्थेत कर्ज विभागात होतो, म्हणून तालमीची वहीही माझ्याच गळ्यात. मी विचारलं, "आणि कप नाही आला तर?" सगळे गप्प. मग कोपऱ्यातून आवाज आला, "भावा, अपशकुनी बोलू नगंस."

तालमीचं नाव सांगत नाही. पेठेतल्या लोकांना कळायचं ते कळेलच.

ही गोष्ट पुढं बऱ्याच वर्षांनी, 2022 च्या जून-जुलैत आठवली. बार्सिलोना फुटबॉल क्लबनं स्पॅनिश लीगमधल्या आपल्या टीव्ही हक्कांचा दहा टक्के हिस्सा 25 वर्षांसाठी सिक्स्थ स्ट्रीट या अमेरिकन गुंतवणूक कंपनीला विकला आणि त्या बदल्यात 20 कोटी 75 लाख युरो घेतले. तेव्हाच्या भावानं सतराशे कोटी रुपयांच्या आसपास. त्यावर भागलं नाही म्हणून थोड्याच दिवसांत आणखी पंधरा टक्के विकले. म्हणजे टीव्हीच्या पैशातला चौथा हिस्सा पुढची 25 वर्षं दुसऱ्याच्या घरात जाणार. क्लबचे अध्यक्ष लापोर्ता या व्यवहारांना 'तरफ' म्हणत होते. आमचा कार्यकर्ता 'आगाऊ भाडं' म्हणत होता. फरक काय तो शून्यांचा.

माझा भाचा बार्साचा कट्टर. त्याचा प्रश्न असा की डोक्यावर एवढं कर्ज असताना हे लोक खेळाडू विकत कसे घेतात? त्याला जे सांगितलं तेच इथं सांगतो. त्यात अवघड काही नाही. ज्याच्या घरात ऊस आहे, त्याला यातलं अर्धं आधीच ठाऊक असतं.

मोठ्या क्लबात पैसा येतो तिकिटातून, टीव्हीतून, जर्सीवरच्या जाहिरातींतून आणि खेळाडू विकून. जातो मुख्यतः पगारात. घोळ आहे तो इथंच. खेळाडूचा पगार चार-पाच वर्षांच्या करारानं बांधलेला असतो. क्लब जिंको, हरो, खालच्या लीगमध्ये घसरो, पगार ठरल्या तारखेला द्यायचाच. उत्पन्नाचं मात्र तसं नाही. चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या वरच्या क्लबांच्या स्पर्धेत, जागा मिळाली तर पैशाची रास, नाही मिळाली तर तेवढं मोठं भोक. पगार करारावर आणि उत्पन्न टायब्रेकरवर. 2021 च्या ऑगस्टमध्ये लापोर्तांनी पत्रकारांसमोर सांगितलं की कर्ज 135 कोटी युरोंवर गेलंय आणि पगारखर्च एकूण उत्पन्नाच्या 103 टक्के आहे. म्हणजे शंभर रुपये आले की एकशे तीन पगारालाच. वीजबिल, प्रवास, व्याज त्याच्याही पुढं. त्याच महिन्यात मेस्सी रडत बाहेर पडला. स्पेनच्या लीगमध्ये प्रत्येक क्लबला संघावर किती खर्च करता येईल याची मर्यादा आधीच ठरवून दिलेली असते. त्या मर्यादेत मेस्सीची नोंदणी बसेना.

आता मूळ मुद्दा. पतसंस्थेत अर्ज समोर आला की मी रक्कम शेवटी बघायचो. आधी बघायचो कर्ज कशासाठी, आणि हप्ता कुठल्या पैशातून येणार. विहिरीसाठी मागणारा आणि पोरीच्या लग्नात आख्खं गाव जेवू घालण्यासाठी मागणारा, दोघंही पाच लाखच मागतात. क्लबचंही असंच आहे. पेपरात 'अमुक क्लबवर इतक्या कोटींचं कर्ज' अशी बातमी येते आणि आपण हाय खातो. नुसत्या आकड्यावरून काहीच कळत नाही.

विहिरीचं कर्ज म्हणजे टॉटनहॅम. लंडनमधल्या या क्लबनं नवं स्टेडियम बांधलं, 2019 मध्ये ते सुरू झालं. त्याच वर्षी त्यांनी स्टेडियमच्या 63 कोटी 70 लाख पौंडांच्या कर्जाची फेरमांडणी केली. त्यातला मोठा भाग लांब मुदतीच्या रोख्यांत बदलला, सरासरी मुदत 23 वर्षं. आकडा ऐकून छाती दडपते. पण त्या कर्जातून उभं काय राहिलं? बासष्ट हजारांवर लोक बसतील असं मैदान. तिथं अमेरिकन फुटबॉलचे सामने होतात, गाण्याचे मोठे कार्यक्रम होतात. संघ हरला तरी विहिरीला पाणी येतच राहतं. संघानं कप किती आणले हे टॉटनहॅमच्या चाहत्यांना विचारू नये, तो दुखरा विषय आहे. पण कर्जदार म्हणून माझ्यासमोर आले असते तर मी सही केली असती.

आर्सेनलनं 2006 मध्ये नवं मैदान केलं तेव्हाही असंच. हप्ते फेडायचे म्हणून पुढं कित्येक वर्षं चांगले खेळाडू विकले आणि जुन्या हायबरी मैदानाच्या जागेवर फ्लॅट बांधून विकले. चाहते चिडले. चिडणारच.

लग्नाचं कर्ज म्हणजे लीड्स युनायटेड. ही कथा फुटबॉलच्या हिशेबात रस असणाऱ्या प्रत्येकानं पाठ करावी अशी आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

2000 च्या सुमारास लीड्सचा संघ तरणाबांड होता. रिओ फर्डिनांड या बचावपटूला त्यांनी 1 कोटी 80 लाख पौंड मोजून आणलं, तेव्हाचा ब्रिटिश विक्रम. 2001 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत धडक मारली. सगळं शहर हवेत. त्याच मोसमात इंग्लिश लीगमध्ये ते चौथे आले. तिसऱ्या क्रमांकाला पुढच्या वर्षीची चॅम्पियन्स लीग होती. तिसऱ्या लिव्हरपूलचे गुण 69, लीड्सचे 68. एक गुण!

इथं शहाणा माणूस थांबला असता. लीड्सनं त्याच वर्षी 6 कोटी पौंडांचं नवं कर्ज उचललं. फेड पुढची 25 वर्षं, आणि तारण काय, तर चाहत्यांनी पुढं काढायची तिकिटं. न लावलेल्या उसावर उचल घेणं म्हणतात ते हेच. आपल्याकडं निदान ऊस शेतात उभा असतो, सोसायटीचा सचिव येऊन बघून तरी जातो. इथं तारण होती चाहत्यांची हौस.

पुढच्या मोसमातही चॅम्पियन्स लीग हुकली. मग 2002 मध्ये फर्डिनांडला जवळपास 3 कोटी पौंडांना मँचेस्टर युनायटेडकडं द्यावं लागलं. एकेक करून इतरही गेले. घाईत विकायला काढलेल्या मालाला भाव कधी येतो? त्यांचा आघाडीचा खेळाडू रॉबी फाउलर मँचेस्टर सिटीकडं गेला, तरी त्याच्या पगाराचा काही भाग लीड्सच भरत होतं. म्हैस विकली आणि पेंड मात्र आपल्याच घरातून. अध्यक्षांच्या कार्यालयातले सोनेरी मासेसुद्धा भाड्याचे होते ही गोष्ट तिकडच्या पेपरांनी चवीनं छापली. मला त्याचं फार वाटत नाही. माशांमुळं क्लब बुडत नसतो, पण लोकांच्या लक्षात मासेच राहतात.

2004 मध्ये लीड्स खालच्या लीगमध्ये घसरलं. त्याच वर्षी एलँड रोड हे स्वतःचं मैदान विकून ते तिथंच भाडेकरू झालं. 2007 मध्ये तिसऱ्या पायरीवर आणि दिवाळखोरीमुळं प्रशासकाच्या हाती. मैदान परत विकत घ्यायला 2017 उजाडलं, वरच्या लीगमध्ये परतायला 2020. त्या एका गुणाच्या मोसमात जन्मलेलं पोर तोवर कॉलेजात गेलं होतं.

कर्जाचा एक तिसरा प्रकार आहे, त्याची मला खरी चीड येते. 2005 मध्ये अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबानं मँचेस्टर युनायटेड 79 कोटी पौंडांना घेतला. त्यातला मोठा भाग कर्जाचा होता आणि ते कर्ज बसवलं क्लबच्याच डोक्यावर. तोवर क्लबवर जवळपास कर्ज नव्हतं. समजा, कुणी तुमचं घर विकत घेतलं, त्यासाठी काढलेलं कर्ज तुमच्याच घरावर चढवलं आणि हप्ते तुमच्याच म्हातारीच्या पेन्शनमधून वळते करायला लागला, तर काय म्हणाल? इंग्लंडच्या कायद्यात ते बसत होतं. क्लब एवढा श्रीमंत की त्यानं ते ओझं वाहिलंही. पण वीस वर्षं व्याजात गेलेला पैसा मैदानात दिसला नाही, आणि क्लबच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाचं छत मुसळधार पावसात गळताना सगळ्या जगानं बघितलं.

आता भाच्याचा प्रश्न. पैसे नसताना खेळाडू कसा घेतात? एक म्हणजे हप्त्यानं. शंभर कोटींचा खेळाडू घेतला की शंभर कोटी त्याच दिवशी जात नाहीत, तीन-चार हप्ते पडतात. क्लब एकमेकांचे देणेकरी असतात. ज्याला पैसे येणं आहे त्याला दम निघाला नाही तर तो ते येणं एखाद्या बँकेला कमी किमतीत देतो आणि रोख उचलतो. जुन्या गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, हुंडी वटवायचे तसंच. टीव्हीच्या येणाऱ्या पैशावरही अशी उचल मिळते. मग टीव्हीचा पैसा आला की आधी बँक आपला हिस्सा कापून घेते, जसा कारखान्याच्या बिलातून सोसायटीचा हप्ता आधी कापला जातो आणि उरलेलं शेतकऱ्याच्या खात्यावर पडतं.

दुसरी गंमत वहीतली आहे. ट्रॅक्टर घेतला की त्याची सगळी किंमत पहिल्याच वर्षी खर्चात धरत नाहीत, दर वर्षी थोडा थोडा घसारा टाकतात. खेळाडूचंही तसंच. शंभर कोटींचा खेळाडू, पाच वर्षांचा करार, म्हणजे दर वर्षी वहीत वीस कोटी खर्च. तीन वर्षांनी वहीत त्याची किंमत उरली चाळीस. तेव्हा तो साठला विकला तर लोक म्हणतात चाळीस कोटींचा तोटा. वही म्हणते वीस कोटींचा नफा. आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर.

चेल्सीनं यातली फट शोधली. 2022 मध्ये नवे मालक आले आणि त्यांनी लांबलचक करार करायला सुरुवात केली. 2023 च्या जानेवारीत एन्झो फर्नांडेसला 10 कोटी 68 लाख पौंडांना आणलं, करार साडेआठ वर्षांचा. पाच वर्षांवर भागलं असतं तर दर वर्षी दोन कोटींच्या वर खर्च दिसला असता, साडेआठवर भागल्यानं सव्वा कोटीच्या आसपास दिसला. युरोपची संघटना यूएफानं त्याच वर्षी नियम केला की करार कितीही लांब असो, हिशेबात पाच वर्षांच्या वर भागायचं नाही. इंग्लंडनंही मागोमाग तेच केलं.

याच वहीमुळं आणखी एक उफराटी गोष्ट घडते. क्लबच्या अकादमीत लहानपणापासून वाढलेल्या पोराची वहीतली किंमत शून्य असते, कारण तो विकत घेतलेलाच नसतो. त्याला विकलं की येणारा सगळा पैसा नफा. म्हणून हिशेब अडला की आधी घरचं पोर बाजारात जातं. 2023 मध्ये चेल्सीनं मेसन माउंटला मँचेस्टर युनायटेडला दिलं, साडेपाच कोटी पौंड. सहा वर्षांचा असल्यापासून तो त्या क्लबात होता. पेठेत हे कुणी केलं तर रात्री घरी जाणं अवघड होईल.

या सगळ्याला लगाम म्हणून नियम आहेत. यूएफाचा सध्याचा मुख्य नियम असा की खेळाडू-प्रशिक्षकांचे पगार, खेळाडूंचा घसारा आणि एजंटांचं कमिशन मिळून उत्पन्नाच्या सत्तर टक्क्यांच्या आत बसलं पाहिजे. आधी नव्वद, मग ऐंशी असं करत तो 2025-26 च्या मोसमात सत्तरवर आला. इंग्लंडमध्ये तीन वर्षांत मिळून साडेदहा कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा नको, असा दंडक होता. मैदान, अकादमी आणि महिला संघ यांवरचा खर्च त्यातून वगळलेला, हे मला त्यातलं सगळ्यात शहाणं कलम वाटतं. एव्हर्टननं ही मर्यादा ओलांडली म्हणून 2023 च्या नोव्हेंबरात दहा गुण कापले. अपिलात ते सहावर आले, पुढं दुसऱ्या प्रकरणात आणखी दोन गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे चार गेले. यावर एक तक्रार नेहमी ऐकू येते आणि ती खोटी नाही. उत्पन्नाच्या टक्क्यात खर्च बांधला की ज्याचं उत्पन्न मोठं, तो मोठाच राहतो.

जर्मनीत वेगळी तऱ्हा आहे. तिथं क्लबमधली मतांची बहुसंख्या सभासदांकडंच राहिली पाहिजे, एखाद-दोन जुने अपवाद सोडून. तरी बोरुसिया डॉर्टमुंड 2005 मध्ये बुडायला आलं होतं. शेअर बाजारात उतरून पैसा उभारला आणि महागड्या खेळाडूंवर उधळला, तेही जर्मन शिस्तीत! त्या काळात कट्टर प्रतिस्पर्धी बायर्न म्युनिकनं त्यांना वीस लाख युरो उसने दिले. आपल्याकडं एका पेठेनं दुसऱ्या पेठेला असं काही दिल्याचं माझ्या तरी कानावर नाही. वाचल्यावर डॉर्टमुंडनं धंदाच बदलला. कोवळी पोरं स्वस्तात आणायची, खेळवायची, मोठी झाली की विकायची. 2011 आणि 2012 ला लीग जिंकली. ज्यूड बेलिंगहॅमला 2023 मध्ये 10 कोटी युरोंच्या वर किमतीत रेयाल माद्रिदला दिलं.

आणि जिथं कर्ज नाही, तिथं सगळं आलबेल असतं असंही नाही. ज्या क्लबचा सगळा खर्च एकच मालक खिशातून भागवतो, त्याची वही स्वच्छ दिसते. महिंद्रा युनायटेडवर कुणाचं देणं राहिल्याचं ऐकलं नाही. 2005-06 ची राष्ट्रीय लीग त्यांनी जिंकली, आणि 2010 मध्ये कंपनीनं ठरवलं, संघ बंद. पुण्याचा एफसी पुणे सिटी 2019 मध्ये गुंडाळला. त्याची जागा हैदराबादला गेली. त्या हैदराबादनं 2021-22 ला आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, जिंकली, नंतर पगार थकले आणि 2025 मध्ये तो संघ दिल्लीला गेला. त्याच वर्षी आयएसएल चालवणाऱ्या कंपनीचा भारतीय फुटबॉल महासंघाशी असलेला करार डिसेंबरात संपणार होता आणि नवा होईना. सप्टेंबरात सुरू होणारा मोसम वेळेवर सुरू झालाच नाही, काही क्लबांनी पगार थांबवले. खेळाडूंशी करार पगाराचा होता, सामने होतीलच असा करार कुणाशी नव्हता.

कोल्हापूरच्या तालमी यापेक्षा कंगाल, पण एका बाबतीत धडधाकट. कुठल्या एका मालकाच्या मर्जीवर त्या उभ्या नाहीत. पेठ आहे तोवर तालीम आहे. शिवाय इथं मैदान कुणाचंच स्वतःचं नाही. सगळे केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, शाहू स्टेडियमवर खेळतात, त्यामुळं कितीही जोश चढला तरी एलँड रोडसारखं मैदान विकायची सोयच नाही.

एक कागद मात्र आपण नीट ठेवत नाही. खेळाडू परदेशी क्लबला विकला गेला की फिफाच्या नियमानं त्या किमतीचा पाच टक्के वाटा त्याला बारा ते तेवीस वर्षांच्या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटला जातो. पण तो कुठल्या साली कुठल्या क्लबकडं नोंदलेला होता हे कागदावर असावं लागतं. अनिकेत जाधव इथून जाऊन 2017 चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळला. उद्या आणखी कुणी जाईल. तालमीत पोरं दहा-बारा वर्षांची असल्यापासून येतात, आणि त्यांची नोंद असते ती प्रशिक्षकाच्या डोक्यात.

तर आमच्या तालमीनं गाळ्यांचं भाडं घेतलं. दोन खेळाडू आले, राहायला खोली घेतली, अंडी-दूध सुरू झालं. पोरं खरंच भारी खेळली, ते नाकारत नाही. उपांत्य सामन्यात पूर्ण वेळ बरोबरी, मग टायब्रेकर, मग सडनडेथ. आमचा फटका खांबाला लागून बाहेर. हलगी थांबली ती थांबलीच. पुढची तीन वर्षं लाइट बिल आणि लहान पोरांचे बूट वर्गणीवर चालले. बुटांच्या दुकानदाराची उधारी माझ्या वहीत चार पानं सरकत गेली.

चौथ्या वर्षी भाडं पुन्हा सुरू व्हायचं होतं. महिना भरायच्या आधीच एका गाळ्याचा भाडेकरू वर आला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "पुढच्या तीन वर्षांचं आत्ताच देतो की. जरा कमी करून घ्या."

वस्तादांनी माझ्याकडं बघितलं. मी वही उघडली आणि बुटवाल्याचं पान काढून त्यांच्यापुढं ठेवलं.